मुलांच्या ओठांवरचे सण

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की हिंगणघाटच्या रस्त्यांवर दोन प्रकारची लगबग एकदमच दिसू लागते. कापसाने भरलेल्या गाड्या बाजार समितीच्या आवाराकडे आणि जिनिंगकडे रांगेने निघालेल्या असतात, आणि त्याच रस्त्यांवरून तरुण माता शाळेच्या कार्यक्रमासाठी लाल टोपी, लाल झगा व पांढरी दाढी शोधत फिरत असतात. (दाढी विकत आणण्याचे वास्तविक कारण नाही, ती आपल्याच शिवारातील कापसाची उत्तम होते.) इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून शिशुवर्गातील बालके सांताक्लॉज होऊन रंगमंचावर उभी राहतात, एखादी इंग्रजी कविता बोबड्या स्वरात म्हणतात, पालक कौतुकाने छायाचित्रे काढतात. मग पुढे आठवडाभर आपल्या घराघरांत आणि बैठकींत एकच प्रश्न चघळला जातो : आपल्या मुलांच्या तोंडी हे कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर आपण बहुधा शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कक्षात शोधायला जातो, तेथे एक निवेदन देतो आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात घरी परततो. पुढील डिसेंबरात दृश्य तेच असते. म्हणून या प्रश्नाकडे थोडे निराळ्या बाजूने पाहावे असे वाटते. हा गुबगुबीत म्हातारा आज ज्या रूपात आपल्या गावी पोहोचला आहे, त्या रूपाचा मूळ आराखडा एका छोट्याशा बालकवितेत सापडतो. ती कविता २०० वर्षे टिकली कशी, हे कळले तर पुष्कळ काही कळेल.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय नावाचे गाव आहे. तेथील ‘ट्रॉय सेंटिनल’ या वृत्तपत्राच्या २३ डिसेंबर १८२३ च्या अंकात ‘सेंट निकोलसची भेट’ या अर्थाच्या शीर्षकाची ५६ ओळींची एक कविता छापून आली. कवीचे नाव नव्हते. संपादकालाही ते ठाऊक नव्हते. पुढे १८३७ मध्ये एका काव्यसंग्रहात ती क्लेमंट क्लार्क मूर यांच्या नावावर प्रसिद्ध झाली आणि १८४४ मध्ये मूर यांनी स्वतःच्या कवितासंग्रहात तिचा समावेश केला. हे मूर म्हणजे कोणी हौशी पद्यकार नव्हेत. न्यूयॉर्कच्या धर्मशिक्षण संस्थेतील ते गंभीर प्राध्यापक. हिब्रू भाषेचा कोश त्यांनी १८०९ मध्येच सिद्ध केला होता. आपल्या मुलांसाठी घरगुती करमणूक म्हणून ही कविता त्यांनी रचली, असे सांगितले जाते. हेन्री लिव्हिंगस्टन या दुसऱ्या गृहस्थांच्या वंशजांनी मात्र कर्तृत्वाचा मान आपल्या पूर्वजाकडे असल्याचा दावा केला आणि तो वाद अभ्यासक अजूनही घालतात. मुलांना त्याचे काहीच सोयरसुतक नाही. आपल्याकडील जात्यावरच्या ओव्यांची कर्ती कोण, हे तरी कोणी कधी विचारले?

१८२३ या सालाचा हिंगणघाटशी एक योगायोगाचा संबंध आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख कर्नल विल्यम लॅम्बटन त्याच वर्षीच्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर असताना हिंगणघाटला मरण पावले. त्यांची कबर येथे आहे. त्यांनी आयुष्य वेचून या भूमीचे अंतर मोजले. त्या मोजणीचा अभिमान साम्राज्याला होता, परंतु आज हिंगणघाटच्या १०० मुलांना विचारले तर लॅम्बटनचे नाव सांगणारे एखादे निघेल आणि सांताक्लॉज मात्र सर्वांना ठाऊक असेल. साम्राज्याला जे साधले नाही ते एका बालगीताने साधले.

या कवितेत आहे तरी काय? नाताळच्या आदल्या रात्री घर निजलेले आहे. मुले अंथरुणात गोडाधोडाची स्वप्ने पाहात आहेत. धुराड्याजवळ मोजे टांगलेले आहेत. अंगणात काही खडखडते, बाप दचकून उठतो, खिडकी उघडतो आणि बर्फावरच्या चांदण्यात एक चिमुकली गाडी व तिला जुंपलेले आठ रेनडिअर त्याला दिसतात. गाडीवान प्रत्येकाला नावाने हाक मारतो. मग तो धुराड्यातून घरात उतरतो, मोजे खाऊ-खेळण्यांनी भरतो, एक शब्द न बोलता निघून जातो आणि जाता जाता सर्वांना शुभेच्छा देतो. कथानक एवढेच.

आपल्या मुलांनी ना बर्फ पाहिला आहे, ना रेनडिअर. धुराडे म्हणाल तर हिंगणघाटच्या पिढ्यांना ठाऊक असलेले धुराडे कापडगिरणीचे. त्यातून कोणी उतरला तर थेट भट्टीतच जायचा. तरीही कविता रुचते, कारण तिची खरी सामग्री बर्फ नाही. अंधारी रात्र, झोपेचे सोंग घेऊन केलेली प्रतीक्षा, पावलांची चाहूल, प्राण्यांना नावाने मारलेली हाक आणि सकाळी उघडायची एक गुप्त भेट, ही ती सामग्री आहे. ही कोणत्या बालकाला परकी आहे? त्यात लय घोड्याच्या दुडक्या चालीची, त्यामुळे अर्थ न कळताही ती जिभेवर बसते. आठ नावांची ती यादी तर मुले श्वास न घेता म्हणून दाखवतात. आमची मुलेही पूर्वी गोठ्यातील बैलांची नावे अशीच म्हणत.

आणखी एक गोष्ट आम्हां संस्कारांविषयी सतत बोलणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. या कवितेच्या दोनच वर्षे आधी, १८२१ मध्ये, न्यूयॉर्कमध्येच मुलांसाठी एक सचित्र पुस्तिका निघाली होती. तिच्यातही सांताक्लॉज आहे, बर्फावरची गाडी आहे, रेनडिअरही आहे. म्हणजे साहित्य जवळपास तेच. परंतु त्या कवितेतील म्हातारा चांगल्या मुलांना बक्षीस देतो आणि खोडकर मुलांच्या आईबापांसाठी बर्चची छडी ठेवून जातो. ती पुस्तिका आज ग्रंथालयांतील दुर्मीळ कपाटात आहे. मूर यांच्या कवितेत छडी नाही. कोण शहाणे, कोण वाईट, याचा हिशेब नाही. उपदेशाची एक ओळ नाही. धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने रचलेल्या या कवितेत येशूच्या जन्माचाही उल्लेख नाही! ती अजून घराघरांत वाचली जाते.

या न-उल्लेखाचा विचार आपण शांतपणे केला पाहिजे. सांताक्लॉजची टोपी म्हणजे धर्मांतराची पहिली पायरी, असे आपल्याकडे सरसकट बोलले जाते. धर्मांतराचा प्रश्न खरा आहे व त्याची चर्चा या पानांतून वेळोवेळी होत असते. मात्र या टोपीपुरते बोलायचे तर तिच्यावर खुद्द ख्रिस्ती धर्मोपदेशकही रुष्ट आहेत. गोठ्यात जन्मलेले बालक मागे पडले आणि भेटी वाटणारा म्हातारा पुढे आला, ही तक्रार ते करीत आले आहेत. मूळ संत निकोलस हे आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथील बिशप. त्यांचा दिवस ६ डिसेंबर. कवीने त्यांना नाताळच्या आदल्या रात्री आणून बसवले आणि बिशपचा खिदळणारा गोल पोटाचा बुटका केला. १८६३ पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने ‘हार्पर्स वीकली’त त्याची चित्रे काढली, आणि १९३१ पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनी तो लाल पोशाखातील आजोबा जगभर नेला. तेव्हा आपल्या शाळेत येतो तो पाद्र्यांचा दूत असण्यापेक्षा बाजाराचा दूत अधिक आहे. शत्रूचे नाव चुकीचे घेतले की नेम चुकतो.

नाताळवर बंदी घालण्याचा प्रयोगही अमेरिकेत झाला आहे, आणि तो ख्रिस्ती लोकांनीच केला. मॅसॅच्युसेट्सच्या कर्मठ प्युरिटन वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला. १६८१ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. मूर यांच्या काळी न्यूयॉर्कचा नाताळ हा बव्हंशी रस्त्यावरचा मद्यपी गोंधळ होता. तो गोंधळ ओसरून सण घरात, मुलांच्या अंथरुणाशी यावा, यासाठी अनेक कारणे घडली. त्यांत या कवितेचा वाटा मोठा मानला जातो. त्या सणाचे केंद्रच तिने हलवले. दंडाने जे झाले नाही ते ५६ ओळींनी केले.

मराठी मुलुखात ख्रिस्ती धर्माचा संबंध कवितेशी आला तो याहून फार वेगळ्या रीतीने. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोकणातील ब्राह्मण, काही काळ नागपूर व राजनांदगाव येथे राहिलेले. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा तो निर्णय आपल्याला मान्य होण्याचा प्रश्नच नाही. परंतु ‘फुलामुलांचे कवी’ हे बिरुद महाराष्ट्राने त्यांना प्रेमाने दिले, आणि पोरवयातील बालकवी ठोंबऱ्यांना आपल्या घरी ठेवून घेणारे तेच. धर्म बदलला तरी त्यांनी जीभ बदलली नाही. इंग्रजी चालीवर बेतलेली स्तोत्रे मराठी माणसाच्या हृदयात उतरणार नाहीत हे त्यांनी ओळखले आणि ख्रिस्तभक्ती अभंगात व ओवीत आणली. लक्ष्मीबाई तर कीर्तने करीत. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. ज्यांनी धर्म सोडला त्यांना आपला छंद सोडवला नाही, आणि ज्यांनी धर्म सोडलेला नाही त्यांच्या घरातील बालकाला मातृभाषेतील सणाचे एक गाणे पाठ नाही. यांपैकी अधिक चिंताजनक काय, हे वाचकांनीच ठरवावे.

आता आपल्या अंगणात येऊ. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विनातील कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते. भुलोजी म्हणजे शंकर, भुलाबाई म्हणजे भिल्लिणीच्या रूपाने त्याला भुलवणारी पार्वती. मातीच्या त्या जोडमूर्तीपुढे गल्लीतील मुली तिन्हीसांजेला जमतात, टाळ्यांच्या व टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात, आणि एक घर झाले की पुढच्या घरी जातात. गाणी कशी? एकीला दुसरी कडी जोडत जाणारी, मधेच सासूची फजिती करणारी, मधेच माहेरच्या वाटेकडे डोळे लावणारी, आणि पुष्कळदा कशाचा कशाला मेळ नसलेली. मुलींना ती पाठ करावी लागत नाहीत. चौथ्या संध्याकाळी ती आपोआप येतात. अखेरीस खिरापत. यजमानीण झाकलेला डबा हलवून आवाज ऐकवते आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचे. गोड की तिखट? कोरडे की ओले? ओळखले तरी खाऊ मिळतो आणि हरल्या तरी मिळतोच.

धुराड्याजवळचा मोजा आणि हा झाकलेला डबा, यांत तत्त्वतः काय फरक आहे? तीच रात्र, तेच कुतूहल, तीच गुप्त भेट. फरक इतकाच की तो मोजा मूल झोपेत असताना भरला जातो आणि आपला डबा मुलींच्या गलक्यात, शेजारपाजाऱ्यांच्या साक्षीने उघडतो. शिवाय वर्षात एकदा नाही, महिनाभर रोज. माझ्या मते बालमनाला यापेक्षा मोठा उत्सव जगाच्या पाठीवर क्वचितच कोणी दिला असेल.

मुलग्यांसाठी तान्हा पोळा आहे. श्रावणी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा, आणि दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा. नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी मुलांसाठी तो सुरू केला असे परंपरा सांगते. आपल्याच वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. तेथे माणसाहून उंच लाकडी नंदी ओढत आणलेले पाहून मोठी माणसेही लहान होतात. सजवलेला बैल घेऊन मुले दारोदार जातात आणि बोजारा मिळवतात. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात. एकाने उंच स्वरात कडवे फेकायचे आणि सर्वांनी महादेवाचा गजर करायचा. झडतीत देवाचे नमन असते आणि लगेच पुढच्या ओळीत कापसाचा भाव, सावकाराचे व्याज, पुढाऱ्याचे आश्वासन. कापूसपट्ट्यातील शेतकऱ्याचे दुःख वर्तमानपत्राच्या अग्रलेखात येण्याआधी झडतीत आलेले असते. दहा वर्षांच्या पोराला ती बिनचूक म्हणता येते, आणि म्हणताना त्याची छाती फुगते.

मग हे ओठांवरून गेले कसे? मिशनऱ्यांनी नेले नाही. भुलाबाईच्या महिन्यात शाळांच्या घटक चाचण्या येतात, शिकवणीचे वर्ग सायंकाळी भरतात, सदनिकेत अंगण नसते, ही कारणे आहेतच. पण त्याहून नाजूक दोन कारणे आहेत. सासू-नणंदांची ती गाणी सुशिक्षित मातांना मागासलेली वाटू लागली. वास्तविक त्या गाण्यांत सून सासूवर हसते. घरात जे बोलता येत नव्हते ते ती फेर धरून बोलते. दुसरे कारण आपल्याला अधिक लागू आहे. आपण जे संस्कारवर्ग चालवले, त्यांत सुभाषिते होती, स्फूर्तिगीते होती, आज्ञाधारकपणाचे आणि लवकर उठण्याचे श्लोक होते. त्यांचे मोल कमी नाही. मात्र खिदळण्याला त्यांत जागा फार थोडी ठेवली. १८२१ च्या त्या पुस्तिकेतील छडी नकळत आपल्या हातात आली. आणि मुलाने छडी नसलेली कविता जिथे मिळाली तिथून घेतली.

भुलाबाई जिथे उरली तिथे ती बहुधा रंगमंचावर उरली आहे. एकसारख्या नऊवारी, ध्वनिवर्धक, परीक्षक, प्रथम-द्वितीय-उत्तेजनार्थ. जळगावला केशवस्मृती प्रतिष्ठानने भरवलेल्या भुलाबाई महोत्सवासारख्या उपक्रमांनी शेकडो मुलींना ही गाणी म्हणायला लावली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तरी मंच हा सणाचा दवाखाना आहे, घर नव्हे. गंमत पाहा : अमेरिकेचा सण रस्त्यावरून घरात गेला आणि फोफावला, आमचा घरातला सण मंचावर गेला आणि मुली प्रेक्षकांत जाऊन बसल्या.

काही ठिकाणी आता २५ डिसेंबरलाच तुलसीपूजन करण्याची प्रथा पाडली जात आहे. हेतूबद्दल शंका नाही. पण तुळशीला तिचा स्वतःचा मुहूर्त आहे. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तिचे लग्न लागते, मंगलाष्टके होतात, ऊस-चिंचा-आवळ्यांचा मांडव घालतात, मुले अंतरपाटाच्या आड उभी राहून अक्षता उधळतात. तो विवाह ज्या घरात थाटाने लागतो, त्या घराला डिसेंबरात तुळशीला पुन्हा कामाला लावण्याची गरज पडत नाही. दुसऱ्याच्या सणाच्या दिवशी आपला सण ठेवणे म्हणजे दिनदर्शिका त्याच्या हाती देणे होय.

त्या अमेरिकन कवितेचा प्रसार कसा झाला, हेही पाहण्याजोगे आहे. तिच्यावर कोणाची मालकी राहिली नाही, म्हणून ज्याने त्याने ती छापली. वर्तमानपत्रांनी, पंचांगांनी, दुकानदारांनी. दर पिढीतील चित्रकारांनी तिला नवी चित्रे दिली. आणि वर्षातून एकदा, ठरलेल्या रात्री, बापाने किंवा आजोबांनी ती मोठ्याने वाचायची असा घरोघर पाठ पडला. भुलाबाईच्या गाण्यांवरही कोणाची मालकी नाही. सरोजिनी बाबरांसारख्या विदुषींनी लोकगीतांचे संकलन कष्टाने केले, ते ग्रंथ अभ्यासकांच्या कपाटात आहेत. लहान मुलीच्या मांडीवर मावेल, पानापानांवर रंगीत चित्रे असतील आणि कोजागिरीच्या दुधाबरोबर उघडता येईल असे भुलाबाईचे पुस्तक हिंगणघाटच्या किती घरांत निघेल? लग्नाच्या अहेराचा खर्च पाहता ते छापून गल्लीत वाटणे एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाला जड नाही. मजकूर विकत घ्यायचाच नाही. तो अजून वणेच्या काठच्या गावांतील सत्तरीपुढच्या आज्यांच्या मुखी आहे. त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यावा लागेल, आणि हे काम पुढच्या दशकावर टाकता येण्याजोगे नाही. लिहून घेताना एखादी ओळ असभ्य वाटली तर ती गाळू नये. सभ्य केलेले बालगीत मुले ऐकून घेतात, म्हणत नाहीत.

झडत्यांचे काम त्याहून सोपे, कारण त्या नव्या रचता येतात. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला मुलांना नव्या झडत्या जुळवायला सांगाव्यात. विषय त्यांचे त्यांना निवडू द्यावेत. शिकवणीचे सर, मोबाईल, बंद पडलेला नळ, कापसाचा भाव, जे सुचेल ते. कोणी त्या लाल टोपीवाल्या म्हाताऱ्यालाच झडतीत ओढले आणि आठ रेनडिअरऐवजी त्याच्या गाडीला खिल्लारी जोडी जुंपली तरी वडीलधाऱ्यांनी भुवया उंचावू नयेत. झडतीने आजवर सावकाराला सोडले नाही, आमदाराला सोडले नाही. तो तर बिचारा वर्षातून एक रात्र येणारा पाहुणा आहे.